पाठीवर बसलेल्यांना काय म्हणायचं?

शेणात, मेलेल्या प्राण्यांत किंवा कुजक्या लाकडात वावरणाऱ्या भुंगेऱ्याचा फोटो काढला आणि पडद्यावर मोठा करून पाहिला, की तांबूस ठिपके हमखास सापडतात. पायांच्या बेचक्यांत, पोटाखाली, मानेच्या घडीत. आणखी मोठं केलं की ठिपक्यांना पाय दिसायला लागतात. हे माइट्स. कीटक नव्हेत, कोळी आणि गोचीड यांच्या गोतावळ्यातले, आठ पायांचे. (अगदी लहानपणी सहाच असतात, पण ते असो.)

आता फोटोखाली ओळ लिहायची. 'भुंगेरा आणि त्याच्यावरचे परजीवी' असं लिहिलं तर जाणकार अंगावर येतात. मग 'फोरेटिक माइट्स' असं लिहून मोकळं व्हायचं. ऐकायला भारदस्त, कुणी हरकत घेत नाही. मी फोटो काढणारी बाई, प्राणिशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण ज्या शब्दावर कुणीच हरकत घेत नाही, त्याच्याबद्दल मला आपोआप संशय येतो. माझी एक मैत्रीण माइट्सवरच काम करते. माइट काचपट्टीवर चिकटवून त्याच्या अंगावरचे केस मोजणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग. तिला विचारलं तर म्हणाली, "अगं, त्या शब्दात निम्मा अंदाज असतो. कोणता निम्मा, ते मात्र बघावं लागतं."

तर आधी शब्दाचा सरळ अर्थ. फोरेसी म्हणजे एका प्राण्यानं दुसऱ्याच्या अंगावर बसून एका जागेहून दुसऱ्या जागी जाणं, आणि तेवढंच करणं. वाहणाऱ्याचं रक्त प्यायचं नाही, त्याला कुरतडायचं नाही, पोचलं की उतरायचं. असं करणारा तो फोरेटिक. हा शब्द १८९६ मध्ये पिएर लेन या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञानं वापरात आणला. त्याच्यासमोर माइट्स नव्हतेच. शेणाचे गोळे ढकलत नेणाऱ्या भुंगेऱ्यांच्या पाठीवर बसून जाणाऱ्या चिमुकल्या माशा त्यानं पाहिल्या होत्या. आता माशीला स्वतःचे पंख आहेत, तिला सवारीची गरज काय? गरज उडण्याची नव्हतीच. भुंगेरा शेण जमिनीत पुरेल त्या क्षणी तिथे हजर असायचं, म्हणजे त्याच शेणात आपली अंडी घालता येतात. लेनच्या त्या लेखाच्या शीर्षकात माशांमधल्या परजीवीपणाचा उगम हाही विषय होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. निरुपद्रवी प्रवासाला नाव देणारा माणूस त्याच लेखात विचारत होता, की परजीवी तयार होतात कसे. पुढच्या सव्वाशे वर्षांत या शब्दाच्या वाट्याला जे आलं, त्याची चुणूक तिथेच आहे.

माइट्सच्या बाबतीत गरज अगदी ढोबळ आहे. अंगाची लांबी बहुतेकदा मिलिमीटरहून कमी, पंख नाहीत, आणि राहायची जागा म्हणजे शेणाचा पो, मेलेला उंदीर, अळंबी किंवा झाडाच्या सालीतून पाझरणारा रस. यातलं काहीच टिकत नाही. काही दिवसांत ते वाळतं, संपतं. पुढचा पो दोनशे पावलांवर असला तरी माइटनं चालत जायचं म्हटलं तर वाटेतच आयुष्य सरेल. पण त्याच पोकडे निघालेलं कुणीतरी उडतं जनावर इथे आत्ता आहेच. शेणावर येणारी माशी पुढेही शेणावरच जाणार. मेलेल्या प्राण्यावर येणारा भुंगेरा पुढचा मेलेला प्राणी मैलभरावरून वासानं शोधणार. पत्ता त्याला माहीत आहे, आपण फक्त घट्ट धरून बसायचं.

धरून बसण्याच्या तऱ्हा मात्र बघण्यासारख्या. काही माइट्स मुखाशी असलेल्या चिमट्यांनी केस पकडतात. यूरोपोडिना गटातले माइट्स याहून अजब: त्यांची किशोरावस्थेतली पिल्लं गुदद्वारातून एक स्राव सोडतात, तो कडक होऊन देठ बनतो, आणि त्या देठाच्या टोकाला माइट लटकतो. भुंगेऱ्याच्या पाठीवर असे पाच-पंचवीस देठ उभे असले, की फोटोत त्याला बुरशी लागली आहे असंच वाटतं. मी अशा फोटोंवर पहिल्यांदा फोकस नेहमी देठावर घेते, माइटवर नाही. देठ दिसला की ओळख निम्मी झाली.

आणि मग हायपोपस. माझा सगळ्यात आवडता. ॲस्टिग्माटा गटातल्या माइट्सच्या वाढीत एक मधली पायरी असते, जी परिस्थिती बिघडली तरच उगवते. हे पिल्लू आधीच्या आणि नंतरच्या अवस्थेसारखं अजिबात दिसत नाही. अंग चपटं, गुळगुळीत, टणक. मागच्या बाजूला चूषकांची पट्टी, चिकटण्यासाठी. आणि तोंड नाही! म्हणजे खाता येईल असं तोंड नाहीच, मुखाचे अवयव झिजून नाममात्र उरलेले. जुन्या अभ्यासकांनी या अवस्थेला वेगळाच प्राणी समजून हायपोपस नावाची स्वतंत्र प्रजातीच (म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस) मांडली होती. पुढे कळलं, की हा कुणा वेगळ्याचा नसून ओळखीच्याच माइटचा प्रवासी अवतार आहे. नाव तेवढं मागे राहिलं.

फोरेसीचं आदर्श उदाहरण म्हणून हायपोपसच दाखवतात, कारण ज्याला तोंडच नाही तो खाणार काय? हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

शब्द सैलपणे वापरला जायला लागला तसं कुणाला तरी त्याला कुंपण घालावंसं वाटणारच. १९७१ मध्ये फॅरिश आणि ॲक्सटेल यांनी घरमाशीवर बसून जाणाऱ्या मॅक्रोकेलिस मस्कीडोमेस्टिकी या माइटच्या अभ्यासातून नवी, कडक व्याख्या दिली. माझ्या शब्दांत सांगायचं तर: एक प्राणी दुसऱ्याला स्वतःहून शोधून काढतो, त्याच्या अंगाच्या बाहेरच्या बाजूला चिकटतो, काही काळापुरताच चिकटतो, त्या काळात खाणं आणि वाढ दोन्ही थांबवतो, आणि या चिकटण्यातून बहुधा वाईट जागा सोडून चांगल्या जागी जाणं साधतं. त्यांच्या व्याख्येतही 'बहुधा' आहे बरं का. हा प्रामाणिकपणा मला आवडला. माइट चिकटलेला दिसतो, उतरलेला दिसतो, पण तो प्रवासासाठीच चिकटला होता हे आपण जोडून घेतो.

या व्याख्येचं वैशिष्ट्य असं, की ती प्राण्याची नाही, काळाची आहे. अमुक माइट फोरेटिक असतो असं ती म्हणत नाही, चिकटलेला असताना तो फोरेटिक असतो इतकंच म्हणते. उतरल्यावर तो काय करतो, याची ती जबाबदारी घेत नाही. आणि घेत नाही तेच बरं. कारण हीच मॅक्रोकेलिसची मादी शेणावर उतरली, की घरमाशीची अंडी आणि नुकत्याच बाहेर आलेल्या अळ्या खाते. ज्या माशीनं तिला आणलं तिचीच पोरं. माशांच्या नियंत्रणासाठी या माइटकडे लक्ष गेलं ते त्यामुळेच. मग अशा माइटला 'निरुपद्रवी प्रवासी' म्हणायचं का? प्रवासापुरतं, हो. शब्दानं तेवढंच वचन दिलेलं असतं. ते पाठ्यपुस्तकांच्या तक्त्यात जाऊन बसलं, की एकाला फायदा आणि दुसऱ्याला ना नफा ना तोटा, असं त्याचं सहभोजितेच्या रकान्यात कायमचं लग्न लावून दिलं जातं. माझं भांडण त्या तक्त्याशी आहे.

हमिंगबर्डचं उदाहरण घ्या. हमिंगबर्ड ज्या फुलांवर जातात त्यांच्यात काही माइट्स राहतात, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. फुलात मध पितात, पराग खातात, तिथेच वंश वाढवतात. फूल गळायला आलं की पक्षी येण्याची वाट बघायची, चोच आत आली की चोचीवरून धावत जाऊन थेट नाकपुडीत शिरायचं. पुढच्या फुलावर पक्षी काही क्षणच थांबतो. तेवढ्यात वास घेऊन ठरवायचं, की हे आपल्या जातीचं फूल आहे की नाही, आणि असेल तर चोचीवरून धावत खाली. हे माइट्स पक्ष्याचं काही खात नाहीत. कडक व्याख्येनंही बऱ्यापैकी पास. पण रॉबर्ट कोलवेल यांनी १९९५ मध्ये मोजून दाखवलं, की हमेलिया पेटन्स या झुडपाच्या फुलांतला मध हे माइट्स चाळीस टक्क्यांपर्यंत कमी करू शकतात. मध कुणासाठी होता? पक्ष्यासाठी. तोटा नाकपुडीत झाला नाही, ताटात झाला.

इथवर शब्द निदान तगून आहे. खरी पंचाईत पुढे होते, प्रवासातच चोरून खाल्लं जातं तेव्हा.

सोनोरन वाळवंटात कुजणाऱ्या निवडुंगात वाढणारी एक फळमाशी आहे, ड्रोसोफिला नायग्रोस्पिरॅक्युला. तिच्यावर मॅक्रोकेलिस सबबॅडियस हा माइट बसून जातो. घरमाशीवरच्या माइटचा हा सख्खा भाऊबंद, त्यामुळे हाही प्रवासीच असणार असं कुणालाही वाटावं. पण पोलॅक यांच्या अभ्यासात दिसलं, की हा माशीच्या कातडीला भोक पाडून आतला द्रव पितो, आणि अंगावर माइट्स असलेल्या माद्यांची अंडी घालण्याची क्षमता घटते. एकाच प्रजातीतले दोन माइट्स, बसण्याची पद्धत जवळजवळ सारखी, एक प्रवासी आणि दुसरा रक्तपिपासू. फोटोत दोघे सारखेच दिसतील. माझ्या कॅमेऱ्याला हा फरक कधीच कळणार नाही.

आणि आता तो तोंड नसलेला हायपोपस. हेमिसारकोप्टीस कूरेमनी नावाचा माइट कायलोकोरस या ढालभुंगेऱ्यांच्या टणक पंखांखाली चिकटून फिरतो. मॅरिलिन हॉक आणि ॲलन कोहेन यांनी भुंगेऱ्याच्या अंगात ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, मिसळलं आणि नंतर त्याच्यावरचे हायपोपस तपासले. १९९५ मध्ये त्यांनी जे छापलं ते असं: ट्रिटियम माइट्समध्ये पोचलं होतं. तोंडाशिवाय! भुंगेऱ्याच्या अंगातलं काहीतरी या प्रवाशांच्या अंगात जात होतं, आणि त्याचा मार्ग तोंड नव्हता. चिकटायला असलेला मागचा भाग हाच त्या संशयाचा धनी. 'तोंड नाही म्हणजे खात नाही' हे इतकं उघड वाटतं, की कुणी तपासायलाच जाऊ नये. त्या दोघांनी तपासलं, म्हणून कळलं. बाकी किती हायपोपसांच्या बाबतीत ते तपासलं गेलंय, याचा विचार केला की 'फोरेटिक' या शब्दापुढे मला पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढावंसं वाटतं.

हा शब्द सगळ्यात जास्त कुठे वापरला जातो? मधमाश्यांच्या पेट्यांभोवती. तिथे तो वापरणाऱ्यांना फोरेसीची व्याख्या ठाऊक असण्याचं कारण नाही, आणि त्यांचं काही अडतही नाही.

व्हरोआ हा माइट मूळचा आशियाई मधमाशीवरचा, म्हणजे आपण जिला सातेरी म्हणतो त्या जातीवरचा. १९०४ मध्ये ओडेमन्स यांनी जावातल्या नमुन्यांवरून व्हरोआ जेकबसोनी असं नाव दिलं. पुढे हा माइट पाश्चात्त्य मधमाशीवर उतरला आणि जगभर पसरला. हा पसरलेला माइट मुळात वेगळ्याच जातीचा आहे, हे २००० मध्ये अँडरसन आणि ट्रूमन यांनी दाखवलं आणि त्याला व्हरोआ डिस्ट्रक्टर म्हटलं. नाव शोभतं. त्याच्या मादीचं आयुष्य दोन भागांत चालतं. एक भाग बंद घरात: मधमाशीच्या अळीचं घर मेणानं बंद होण्याच्या जरा आधी ती आत शिरते, आत अंडी घालते, तिची पिल्लं मधमाशीच्या वाढत्या पिल्लावर पोसली जातात. दुसरा भाग बाहेर: नवी मधमाशी घराबाहेर पडली की तिच्यासोबत माइटही बाहेर येतो आणि मोठ्या माश्यांच्या अंगावर बसून राहतो, पुढचं घर सापडेपर्यंत. या दुसऱ्या भागाला सगळे 'फोरेटिक फेज' म्हणत आले.

का म्हणत आले ते समजू शकतं. बाहेरून पाहिलं तर ती माइट नुसती बसलेलीच दिसते, पोटाच्या खालच्या बाजूला, दोन पट्ट्यांच्या फटीत, अंग निम्मं आत खुपसून. ती तिथे खाते हे काही गुपित नव्हतं, मधमाशीचं रक्त पिते असं कितीतरी आधीपासून लिहिलं जात होतं. तरीही शब्द हलला नाही. खाणारीला 'न खाणारी' असं नाव, आणि कुणाला त्याचं काही वाटू नये!

मग २०१९ मध्ये सॅम्युएल रॅमसी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यांनी मधमाश्यांना दोन चमकणारे रंग दिले. एक रक्तात उतरणारा, दुसरा नाइल रेड, जो चरबीत मुरतो. मग त्या माश्यांवरच्या माइट्सच्या आतड्यात कोणता रंग दिसतो ते पाहिलं. रक्ताचा रंग नगण्य, चरबीचा लखलखीत. म्हणजे ही माइट रक्त पीत नाही, मधमाशीचा मेदपिंड खाते. मेदपिंड हा नुसता चरबीचा साठा नव्हे. आपल्या शरीरात यकृत जी कामं करतं त्यातली बरीच कीटकांत मेदपिंडाच्या वाट्याला येतात: साठवण, विषारी पदार्थांची विल्हेवाट, प्रतिकारशक्ती, अंड्यांसाठी लागणारी प्रथिनं. असा अवयव जिथे पोटाच्या कातडीला लागून असतो, नेमकी तीच बसायची जागा. प्रवासासाठी कशी का असेना, जेवणासाठी ती उत्तम आहे. वर हीच माइट पंख विकृत करणारा विषाणू एका माशीतून दुसरीत नेते.

त्यानंतर काही संशोधकांनी 'फोरेटिक' ऐवजी 'प्रसाराचा टप्पा' असं लिहायला सुरुवात केली आहे. मला ते पटतं. पण पेट्यांवर काम करणारा माणूस 'फोरेटिक माइट्स' म्हणतो तेव्हा त्याला खाण्या-न-खाण्याशी कर्तव्य नसतं. त्याच्या लेखी त्या शब्दाचा अर्थ 'औषध पोचेल अशी माइट'. ऑक्झॅलिक ॲसिड बंद घरात शिरत नाही, बाहेर बसलेल्या माइट्सनाच मारतं. माश्या पिठीसाखरेत किंवा अल्कोहोलमध्ये हलवून मोजता येतात त्याही बाहेरच्याच. आत आणि बाहेर हा भेद त्याला रोज लागतो, आणि त्याच्यासाठी हाताशी असलेला शब्द हा. जीवशास्त्राच्या दृष्टीनं चुकीचा, कामाच्या दृष्टीनं नेमका. असे शब्द मरत नाहीत. माझी मैत्रीण यावर वैतागते, मी नाही. फक्त लेखात तोच शब्द दोन अर्थांनी आला, की माझं डोकं फिरतं.

आतापर्यंतच्या उदाहरणांवरून वाटेल, की फोरेटिक म्हणजे न पकडला गेलेला चोर. तसंही नाही. काट्याला दुसऱ्या बाजूलाही झुकता येतं.

मेलेला उंदीर किंवा पाखरू जमिनीत पुरून त्यावर पिल्लं वाढवणारे निक्रोफोरस भुंगेरे असतात. त्यांच्यावर पोइसिलोकायरस माइट्स अक्षरशः झुंडीनं बसलेले असतात. भुंगेरा मढ्यावर पोचला की हे उतरतात आणि तिथे आधीच पडलेली माश्यांची अंडी खातात. मढ्यासाठी माश्यांच्या अळ्या या भुंगेऱ्याच्या सगळ्यात मोठ्या प्रतिस्पर्धी, त्यामुळे माइट्सनी भुंगेऱ्यावर उपकारच केले. पण माश्याच नसतील तर? मग तेच माइट्स भुंगेऱ्याच्या पिल्लांच्या वाट्यात भागीदार होतात आणि पिल्लांची संख्या किंवा वजन घटू शकतं. म्हणजे मित्र की शत्रू हे माइट ठरवत नाही, त्या दिवशी तिथे माश्या आल्या होत्या का यावर ते ठरतं. सांगा आता, कोणत्या रकान्यात घालू?

याहून टोकाचं उदाहरण ॲलोडायनेरस डेल्फिनॅलिस या गांधीलमाशीचं. हिच्या अंगावर एन्स्लिनिएला पॅरासिटिका नावाच्या माइट्ससाठी खास खोबणी असतात. जातीचं नावच 'परजीवी', आणि ते खोटं नाही, कारण घरट्यात हे माइट्स गांधीलमाशीच्या वाढत्या पिल्लांचा रस शोषतात. मग स्वतःला कुरतडणाऱ्यासाठी कुणी अंगात खोल्या कशाला बांधेल? किमिको ओकाबे आणि शुन्इची माकिनो यांनी २००८ मध्ये याचं उत्तर दिलं. या गांधीलमाशीच्या बंद घरात मेलिटोबिया नावाची एक बारीक परोपजीवी गांधीलमाशी घुसते आणि पिल्लाचा फडशा पाडते. ती आत आली की माइट्स तिच्यावर तुटून पडतात, तिचे पाय आणि सांधे धरतात, तिला मारेपर्यंत सोडत नाहीत. घरात दहाच्या आसपास माइट्स असतील तर पिल्लू जवळजवळ हमखास वाचतं. थोडा रस देऊन पहारेकरी पाळल्यासारखं आहे हे.

अशा खोल्यांना शास्त्रात ॲकॅरिनेरियम म्हणतात. लाकूड पोखरणाऱ्या मोठ्या काळ्या भुंग्यांपैकी काही जातींच्या माद्यांमध्ये तर पोटाच्या पुढच्या भागात चक्क पिशवी असते, आणि तिच्यात डायनोगॅमॅसस माइट्स. बाहेरून काहीच दिसत नाही. हा फोटो मला मिळालेला नाही, मिळणारही नाही, कारण त्यासाठी भुंगा मारून उघडावा लागेल आणि ते मी करत नाही. १९७१ च्या व्याख्येतलं 'अंगाच्या बाहेरच्या बाजूला' हे कलम इथे अडखळतं. पिशवीचं अस्तर बाहेरच्या कातडीचंच आहे असा युक्तिवाद करता येतो, पण तो वकिली वाटतो.

व्याख्येची आणखी एक गंमत. 'स्वतःहून शोधून काढतो' ही अट डर्मटोबिया होमिनिस या माशीनं पार निकालात काढली आहे. माणसाच्या कातडीत हिची अळी वाढते. पण मोठी माशी माणसाजवळ येतच नाही. ती उडत्या डासाला पकडते, त्याच्या पोटावर आपली अंडी चिकटवते आणि सोडून देते. डास रक्त प्यायला बसला, की कातडीच्या उबेनं अळी अंड्यातून निघून आत शिरते. प्रवास झाला, अंगावर बसून झाला, डासाचं काही खाल्लं नाही. पण शोधलं कुणी? अंड्यानं नव्हे, त्याच्या आईनं. बहुतेक जण याला फोरेसीच म्हणतात, मीही म्हणते. आईनं काढलेलं तिकीट चालायला हरकत नसावी.

मोहावे वाळवंटातली मेलो फ्रान्सिस्कॅनस या भुंगेऱ्याची पिल्लं आईवर विसंबत नाहीत. शेकड्यांनी एकत्र गवताच्या काडीवर चढून गोळा करून बसतात आणि एका जातीच्या रानटी मधमाशीच्या मादीसारखा वास सोडतात. त्या जातीचा नर फसतो, गोळ्याशी मीलन करायला येतो आणि पिल्लं त्याच्या अंगावर चढतात. तो खऱ्या मादीला भेटला की तिच्यावर जातात, तिच्यासोबत घरट्यात उतरतात, आणि मग तिचं अंडं आणि साठवलेला पराग खातात. हॅफर्निक आणि सॉल-गर्शेन्झ यांनी २००० मध्ये हे प्रसिद्ध केलं. नरावर असताना फोरेटिक, मादीवरही फोरेटिक, घरट्यात परजीवी. काळाच्या व्याख्येत हे नीट बसतं, प्राण्याच्या व्याख्येत अजिबात नाही. म्हणून मी पहिलीच्या बाजूनं आहे.

पनामातला हार्लेक्विन भुंगेरा आणि त्याच्या पंखांखाली बसून जाणारे स्यूडोस्कॉर्पियन यांचं तर काहीतरी तिसरंच चाललेलं असतं. विंचवासारखे चिमटे, पण नांगी नाही, असे हे चिमुकले जीव. भुंगेरा एका कुजक्या झाडावरून दुसऱ्यावर जातो म्हणून हे त्याच्यावर चढतात, इथपर्यंत नेहमीचंच. पण डेव्हिड आणि जीन झेह या दांपत्यानं पाहिलं, की मोठे नर पोचल्यावरही उतरत नाहीत. भुंगेऱ्याची पाठ हा आपला इलाखा म्हणून राखतात, दुसऱ्या नरांना हुसकून लावतात आणि चढणाऱ्या माद्यांशी तिथेच मीलन करतात. इथे प्रवास आहे, रक्तपिपासा नाही, पण 'काही काळापुरता' आणि 'फक्त जाण्यासाठी' या दोन्हींवर बोळा फिरला.

समुद्रातल्या रेमोरा माशाबद्दल लोक नेहमी विचारतात, म्हणून दोन वाक्यं. पाठीवरच्या पराचं रूपांतर होऊन त्याच्या डोक्यावर चूषकाची चकती झालेली असते, तिनं तो शार्कला चिकटतो. पण चिकटलेला असताना तो खातो, वाढतो, शार्कच्या अंगावरचे परजीवीही टिपतो, तेव्हा कडक अर्थानं त्याला फोरेटिक म्हणणं मला जड जातं.

जीवाश्मांत तर अंदाजाखेरीज काही उरतच नाही. बाल्टिक अंबरमध्ये एक कोळी आहे, सुमारे चार कोटी नव्वद लाख वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्या डोक्यावर १७६ मायक्रॉनचा माइट. २०११ मध्ये क्ष-किरणांच्या त्रिमित चित्रणानं त्याच्या चूषकांची पट्टीसुद्धा दिसली, त्यावरून तो प्रवासी अवस्थेतलाच आहे हे ओळखता आलं. खात होता का, हे त्याला कोण विचारणार? पट्टी दिसली म्हणून फोरेटिक. आणि खरं सांगायचं तर जिवंत माइट्सच्या बाबतीतही आपण बहुतेक वेळा हेच करतो.

मैत्रिणीशी बोलून मी माझ्यापुरती एक पद्धत ठरवली आहे. 'फोरेटिक माइट' असं नाम म्हणून लिहायचं नाही. 'अमुक जातीच्या भुंगेऱ्यावर चिकटलेले माइट्स, किशोरावस्था, पोटाच्या खालच्या बाजूला, देठानं लटकलेले, खाताना दिसले नाहीत' असं लांबलचक लिहायचं. मुखाचा भाग दिसत असेल तर तो कातडीत रुतलाय की मोकळा आहे, तेही लिहायचं. मोजता येत असतील तर मोजायचे, आणि कुठल्या सांध्यात किती ते सांगायचं, कारण जाडसर पाठीवर बसणारे आणि पोटाच्या मऊ फटीत शिरणारे यांच्यात फरक असू शकतो. ओळ वाचायला कंटाळवाणी होते, लोक पुढे सरकतात. माइट्सवाले मात्र थांबतात, आणि मला पाहिजेत ते तेच.

ज्यांना असे फोटो काढायचेत त्यांना एकच विनंती. वरून काढलेला भुंगेरा सुंदर दिसतो, पण माइट्सबद्दल तो जवळजवळ काहीच सांगत नाही. त्याला काचेच्या तुकड्यावर चालू द्या आणि खालून काढा. काच ओली नको, नाहीतर भुंगेरा घसरतो आणि माइट्स पळतात. फ्लॅश बाजूनं मारा, समोरून मारला तर काचेत फक्त तुमची लेन्स दिसेल.

मैत्रिणीच्या नोंदवहीत रकान्याचं नाव अजूनही 'फोरेटिक: होय / नाही' असंच आहे. तिसरा पर्याय घालायला सांगितलं तर म्हणते, जुन्या हजारो नोंदी मग तिकडेच हलवाव्या लागतील.